बीएएसएलपी करावं का? घरचे म्हणायलेत हे काय नवीनच

जिंतूरकडची
नमस्कार सगळ्यांना. मी परभणी जिल्ह्यातली, बारावी सायन्स झालंय, नीट दिली पण एमबीबीएसपर्यंत जातील एवढे मार्क नाहीत. मामा म्हणतात नर्सिंग कर, पप्पा म्हणतात बीएस्सी करून बीएड कर, आणि मला बीएएसएलपी करायचंय म्हणजे ते ऐकण्याचं आणि बोलण्याचं असतं ते. आमच्याकडं कुणालाच माहीत नाही, शेजारच्या काकू म्हणल्या बोलायला शिकवायला कशाला कॉलेज पाहिजे.
खरं कारण सांगते. दादाचा पोरगा अडीच वर्षांचा झाला, अजून आई म्हणत नाही. आजीनं मधात वेखंड उगाळून जिभेला लावलं, रोज लावते. घरात सगळ्यांचं एकच की दादापण उशिरा बोलला होता, आणि याला ऐकू तर येतंय, दार आपटलं की वळून बघतो. पण मी मागून हळू हाक मारली तर तो खेळतच राहतो, मी लई वेळा करून पाहिलं.
तर कोर्स कसा असतो, कुठं असतो, फिजिक्स लागतं का. आणि माझं इंग्लिश कच्चं आहे, मराठी पण गावाकडची, मी करायले जायले असंच बोलते. लोकांना बोलायला शिकवायचं तर शुद्ध बोलावं लागत असेल ना?

कानाचं_काम
ताई, कोर्सचं नंतर, आधी भाच्याचं. दार आपटण्यावर जाऊ नका. दार, ताट, फटाका हे मोठे आवाज, त्यांचा हादरा अंगाला पण जाणवतो, आणि बऱ्याच मुलांना असे जाड आवाज येतात पण बारीक येत नाहीत. 'स' चा आवाज बघा, तो चार हजार हर्ट्झच्या वर जातो आणि मुळातच हळू असतो, ज्याला तो येतच नाही त्याच्यासाठी अर्धे शब्द तुटकेच पोचतात. मागून हळू हाक मारून तुम्ही जे पाहिलं ते घरातल्या सगळ्यांच्या मतापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.
परभणीच्या सिव्हिलमध्ये जा आणि डीईआयसी विचारा, जिल्हा हॉस्पिटलमधलं लहान मुलांचं केंद्र, 2013 पासूनच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, पैसे लागत नाहीत. अंगणवाडीत तपासणीला जी टीम येते ती पण तिथंच पाठवते. ओएई आणि बेरा या कानाच्या दोन तपासण्या करायला सांगतील. बेराला पोरगं झोपलेलं लागतं, म्हणून सकाळी लवकर उठवा, गाडीत झोपू देऊ नका, तिथं पोचल्यावर खाऊ घालून झोपवा. कपाळाला आणि कानामागं इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिकटिक देतात आणि नसेकडून येणारं उत्तर स्क्रीनवर लाटेसारखं दिसतं, दुखत नाही. ऐकणं चांगलं निघालं तरी परत येऊन गप बसू नका, मग बोलणं का आलं नाही ते वेगळं बघावं लागतं. नियम असा आहे की जन्मल्यापासून महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांच्या आत कानाचं मशीन आणि थेरपी सुरू. माझ्याकडं गावाकडची पोरं तीन तीन, चार चार वर्षांची होऊन येतात आणि प्रत्येकाच्या घरात कुणीतरी उशिरा बोललेलं असतंच. वेखंडानं बोलणं येत नाही, आजीचा जीव आहे म्हणून लावतात, त्यांना रागावू नका पण त्याच्यावर थांबू पण नका.
आता कोर्स. चार वर्षं, तीन शिकायची आणि एक इंटर्नशिपचं. पास झालं की आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन, ते असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. कॉलेज आरसीआयच्या यादीत आहे का ते बघूनच फी भरा, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. महाराष्ट्रात सीईटी सेलकडून नीटच्या मार्कांवर प्रवेश होतो, यंदाची माहितीपुस्तिका नीट वाचून काढा. मुंबईत नायर हॉस्पिटलचं टोपीवाला कॉलेज, बांद्र्याला 1983 पासूनची अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग सगळ्यात नावाजलेली, त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

देवगिरीची_प्रवासी
मी नांदेडची, सध्या मुंबईत इंटर्नशिप चालू आहे. फिजिक्स लागतं, डेसिबल म्हणजे लॉगचं गणित, पहिल्या वर्षी तेच जड जातं. त्यासोबत कानाची आणि मेंदूची रचना, सायकॉलॉजी आणि भाषाशास्त्र. पुस्तकं सगळी इंग्लिशमध्ये, पहिले सहा महिने मी डिक्शनरी उघडी ठेवूनच वाचायचे, नंतर तेच तेच शब्द येतात म्हणून जमून जातं.
पण तुझं शुद्ध मराठीचं टेन्शन आहे ना, त्याच्यावर मला लिहायचंच आहे. दुसऱ्या वर्षी माझ्याकडं एक पाच वर्षांचा मुलगा आला, आपल्याच भागातला, वडील तिकडं बांधकामावर. पाण्याच्या ग्लासाचं चित्र दाखवलं तर पानी म्हणाला, लोण्याचं दाखवलं तर लोनी. मी रिपोर्टात लिहून टाकलं की ण येत नाही, न म्हणतो. मग त्याच्या आईशी बोलत बसले तर ती म्हणते मॅडम पानी भेटल का प्यायला. मला इतकी लाज वाटली. माझी आजी आयुष्यभर पानीच म्हणत आली आणि मी त्या लेकराच्या बोलीला दोष म्हणून लिहिलं होतं. खोडलं ते. त्याचा खरा प्रॉब्लेम क चा त होत होता, काका ला ताता, त्यावर काम केलं. तर तुझं करायले जायले हे तिथं तुझ्या कामाचं आहे, घरी काय बोलतात ते तुला न विचारता कळणार. च चं पण बघ, चहातला च वेगळा आणि चाकातला वेगळा, लिहायला एकच, आपल्याला शिकवावं लागत नाही पण ज्या लेकराला ऐकूच कमी येतं त्याला दोन्ही शिकवावे लागतात. तांड्यावर गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतात, संभाजीनगरात कितीतरी घरात दखनी, हे माहीत असलेली माणसं आपल्याकडं पाहिजेतच.
आणि फक्त लहान मुलं नसतात. लकवा मारल्यावर ज्यांचं बोलणं जातं ते पण येतात. एक आजोबा होते, सगळं समजायचं पण तोंडातून एकच शब्द निघायचा, हो, नाही म्हणायचं असलं तरी हो. याला अफेजिया म्हणतात, 1861 मध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरनं असाच पेशंट सांगितला होता, तो फक्त टॅन म्हणायचा. तीन महिन्यांनी आजोबांनी सुनेला पहिल्यांदा चहा मागितला, ती सून क्लिनिकमध्येच रडायला लागली.

आई_बीडची
मी शिकलेली नाही या विषयातलं, आई म्हणून लिहिते. माझ्या मुलीचं कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून कानात ऐकायची मशीन बसवतात ते. ऑपरेशनच्या आधी एका ठिकाणी आम्हाला सांगितलं मशीन बसली की बोलंल, आणि आम्ही पेढे वाटायची तयारी करून बसलो. मशीन चालू केली तर ती घाबरून रडली, आणि मग पहिला शब्द यायला सात महिने गेले. त्या सात महिन्यात दर आठवड्याला एसटीनं संभाजीनगर, दिवसाची मजुरी बुडवून, कारण इकडं जवळ थेरपी द्यायला कुणी नव्हतं. ज्या मॅडमनी थेरपी दिली त्यांनी मला शिकवलं की भाकरी थापताना बोल, हे पीठ, हे पाणी, आता तवा तापला, एकच गोष्ट दहा वेळा बोल, उत्तराची वाट बघ. लाकडी ठोकळा कानाजवळ धरून थांबायचं, आवाज आला की डब्यात टाकायचा, हा खेळ आम्ही रोज रात्री खेळायचो. ताई तू शीक, आणि शिकून इकडंच ये, एवढंच माझं म्हणणं आहे.

जिंतूरकडची
सगळ्यांचं वाचून दाखवलं घरी, मोबाईल दादाच्या हातातच दिला. वहिनी बोलली नाही काही पण उठून लेकराच्या मागं गेली आणि हळू हाक मारली, दोनदा. मग दादाच म्हणला सोमवारी सिव्हिलला जाऊ. मी पण जायले सोबत, त्या लाटा स्क्रीनवर कशा दिसतात ते मला बघायचंय. एक विचारायचं राहिलं, बेराच्या दिवशी पहाटे किती वाजता उठवावं त्याला, आमची पहिली गाडी साडेसहाची आहे.

कानाचं_काम
चारला उठवा. गाडीत मांडीवर घेऊ नका, खिडकीत उभं करा.