विरार फास्ट फलाट ओलांडते तेव्हा अंतर कोणतं धरायचं?

प्रश्न: '२४० मीटर लांबीची लोकल ताशी ३६ किमी वेगाने, न थांबता, २६० मीटरचा फलाट किती वेळात ओलांडेल?' सातवीची मुलं सरळ २६० भागिले ३६ करतात. कसं समजवावं?

उत्तर १: आकडेमोडीआधी चित्र काढून घ्या. पहिल्या डब्याचं तोंड फलाटाला लागतं तेव्हा मोजणी सुरू, शेवटचा डबा बाहेर पडतो तेव्हा बंद. तोवर तोंड २४० + २६० = ५०० मीटर पुढे गेलेलं असतं. वेग ३६ × ५/१८ = सेकंदाला १० मीटर. म्हणून ५० सेकंद.

उत्तर २: ५/१८ पाठ करून घेऊ नका हो! परीक्षेत मुलं हमखास १८/५ ने गुणतात. ३६,००० मीटर भागिले ३,६०० सेकंद, एवढं त्यांना स्वतः मांडू द्या.

उत्तर ३: लगेच सिग्नलच्या खांबाचं विचारा. खांबाची जाडी धरत नाहीत, म्हणून फक्त गाडीची लांबी: २४ सेकंद. मग खिडकीतल्या प्रवाशाला फलाट ओलांडायला किती? इथे गाडीची लांबी लागतच नाही, २६ सेकंद. कोणाची लांबी केव्हा मोजायची, हे या प्रश्नाने पक्कं कळतं.

प्रश्नकर्ता: खिडकीचा प्रश्न उद्याच देते. आभार!