आकाश निरभ्र असतानाही लक्षद्वीपमधील होडी का थांबवली जाते? प्रवासाचा महिना ठरवण्यापूर्वी काय पाहावे?

खानापूरकर (खानापूर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. येत्या हंगामात आई-वडिलांना घेऊन लक्षद्वीपला जाण्याचा विचार आहे. अगत्तीपर्यंत विमानाने आणि तेथून बंगारम व कवरत्तीला होडीने, असा साधारण बेत आहे. माझे आतेभाऊ मागे एप्रिलमध्ये तेथे गेले होते. लख्ख ऊन पडलेले, वारा जवळजवळ नाही आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर सूर्याचे चित्र, असे असूनही त्यांची होडी सोडण्यात आली नाही. कारण विचारल्यावर ‘समुद्र चांगला नाही’ एवढेच उत्तर मिळाले. आपल्याकडे कणकुंबीच्या बाजूने ढग चढू लागले की छत्री काढायची, एवढेच हवामान आपल्याला ठाऊक. ढग नाही, वारा नाही आणि तरीही समुद्र खवळलेला, हे कसे घडते? आणि वयस्कर माणसांना घेऊन जायचे असेल तर कोणता महिना निवडावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना खलाशी (शहापूर, बेळगाव)

मी मालवाहू जहाजांवर डेकवर नोकरी केली असल्यामुळे समुद्राच्या बाजूने उत्तर देतो; पावसापाण्याचे येथील शिक्षक मंडळी अधिक चांगले सांगतील.

राकसकोपच्या जलाशयावर वारा पडला की थोड्याच वेळात पाणी सपाट होते, म्हणून वारा नाही तर लाट नाही असे आपल्याला वाटते. महासागरात तसे होत नाही. तेथील लाटा दोन प्रकारच्या असतात. एक, जागेवरच्या वाऱ्याने उठलेल्या. त्या आखूड, विस्कळीत असतात आणि वाऱ्याबरोबर विरतात. दुसऱ्या, फार दूरच्या वादळाने उठवलेल्या आणि वादळ संपल्यावरही पुढे चालत राहिलेल्या. त्यांना आम्ही स्वेल म्हणतो. एप्रिल-मे महिन्यांत विषुववृत्ताच्या दक्षिणेस, चाळीस अंशांच्याही खाली, मोठी वादळे होत असतात. तेथून निघालेल्या स्वेलचा कालावधी, म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढचा माथा येईपर्यंतचा वेळ, पंधरा-सोळा सेकंद किंवा त्याहून अधिक असतो. सोळा सेकंदांची लाट खोल पाण्यात सुमारे 400 मीटर लांब असते आणि तिची ऊर्जा ताशी साधारण 45 किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर पुढे सरकते. हिशेब केलात तर दक्षिणेतील वादळाची लाट लक्षद्वीपला पाच-सहा दिवसांनी पोहोचते आणि तोपर्यंत त्या वादळाचा मागमूसही बेटावरील आकाशात नसतो. 31 मार्च 2024 रोजी केरळच्या किनाऱ्यावर अशाच स्वेलने पाणी घरांत शिरले होते. तेथे या प्रकाराला कल्लक्कडल म्हणतात.

आता होडी का थांबते ते पाहा. दीड मीटर उंचीची ही लांबलचक लाट भर समुद्रात जहाजाखालून गेली तर चहाचा कपसुद्धा हलत नाही. पण प्रवाळ बेटाभोवतीचा समुद्र एकदम उथळ होतो. हजारो मीटर खोलीतून वर आलेल्या प्रवाळभित्तीवर पाणी जेमतेम मीटर-दोन मीटर राहते. तेथे लाट उंचावते, तिचा पुढचा कडा उभा राहतो आणि ती फुटते. फुटलेले पाणी भित्तीवरून आत लगूनमध्ये, म्हणजे भित्ती आणि बेट यांच्यामधील उथळ पाण्यात, ढकलले जाते, आतील पातळी वाढते आणि ते सगळे पाणी भित्तीतील अरुंद मुखातून बाहेर धावते. होडीलाही ये-जा करायला तेच मुख असते. आतून वेगाने बाहेर येणारा प्रवाह आणि बाहेरून आत येणारी लाट समोरासमोर भिडल्या की लाट आखूड व उभी होते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी होडी हाकणाऱ्या तांडेलाला होडी सरळ ठेवावी लागते. ती जरा आडवी झाली तर उलटायला एक लाट पुरते. काठावर उभ्या असलेल्या पाहुण्याला मात्र समोर निळे, शांत लगूनच दिसत असते, त्यामुळे त्याला नकार अन्यायाचा वाटतो. आपल्या आतेभावांची होडी ज्याने थांबवली त्याने काम नीट केले, असे माझे मत आहे. उत्तर देण्यात तो कंजूष होता, एवढेच.

एक गोष्ट राहिली. तेथील भरती-ओहोटीतील फरक मुंबईसारखा चार-पाच मीटरचा नसून साधारण एका मीटरच्या आसपास असतो; पण भित्तीवर मुळातच पाणी कमी असल्याने त्या एका मीटरनेही बराच फरक पडतो. ओहोटीला लाट बाहेरच फुटून मरते, उधाणाच्या भरतीला ती भित्ती ओलांडून आत येते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास स्वेल आली की पाणी किनाऱ्यावर अधिक वर चढते.

भूगोलाची शिक्षिका (निपाणी)

वरील उत्तर उत्तम आहे. मी महिन्यांविषयी लिहिते.

लक्षद्वीपमध्ये 36 बेटे असून सर्व मिळून जमीन केवळ 32 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि ती समुद्रसपाटीपासून काही मीटरच वर आहे. मान्सून केरळात दाखल झाल्याचे जाहीर करण्यासाठी हवामान विभाग ज्या 14 केंद्रांवरील पाऊस पाहतो, त्यांत मिनिकॉय आणि अमिनी ही दोन बेटे आहेत. तरीही मिनिकॉयला वर्षभरात साधारण 1600 मिलिमीटरच पाऊस पडतो आणि आपल्या कणकुंबीला त्याहून कितीतरी जास्त; कारण बेटावर तेच ढग वर ढकलायला सह्याद्रीसारखा डोंगर नाही. तेव्हा ‘पाऊस फारसा नाही म्हणजे जून-जुलैत जाता येईल’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या महिन्यांत नैर्ऋत्येचा वारा अडवणारे काहीही वाटेत नसते आणि लाटा सलग उंच राहतात. बहुतेक बेटे प्रवाळभित्तीच्या पूर्वेकडील कडेवर आहेत आणि लगून पश्चिमेला आहे, त्यामुळे मान्सूनचा मारा थेट लगूनच्या मुखावर येतो. म्हणूनच पावसाळ्यात माणसे व माल आडोशाच्या पूर्व बाजूने उतरवता यावा, यासाठी काही बेटांवर त्या बाजूला धक्के बांधलेले आहेत. (आंद्रोत बेट मात्र पूर्व-पश्चिम पसरलेले आहे आणि त्याला म्हणावे असे लगूनच नाही.)

साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ पर्यटकाने सोडूनच द्यावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्र उतरतो, पण चक्रीवादळांचा दुसरा हंगाम तोच असतो. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. त्या वेळी वारा ईशान्येकडून व बेताचा असतो. एप्रिलमध्ये पाणी फार तापते, मान्सूनपूर्व काळात त्या भागातील समुद्राचे तापमान 30 अंशांच्या वर जाते, आणि चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंश पुरतात. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळ लक्षद्वीपजवळच तयार होऊन कारवार-गोव्यासमोरून गुजरातकडे गेले होते.

माजाळीची लेक (टिळकवाडी, बेळगाव)

बाईंचे बाकी सर्व पटले, परंतु डिसेंबरला सरसकट चांगला म्हणण्यास माझी हरकत आहे. ओखी हे वादळ 30 नोव्हेंबर 2017 रोजी कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ झाले आणि डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लक्षद्वीपवरून गेले. ते इतक्या झपाट्याने वाढले की आधीच खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही आणि असंख्य कुटुंबांतील माणसे परतली नाहीत. माझे माहेर मच्छीमारांचे असल्याने त्या दिवसांत घरोघरी काय चालले होते ते मी पाहिले आहे. डिसेंबरचा पहिला पंधरवडा टाळून पुढे जावे, असे मी सुचवेन. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी होडीवर अवलंबून राहू नये. अगत्तीला एक मुक्काम मोकळा ठेवावा.

भूगोलाची शिक्षिका (निपाणी)

ताई, दुरुस्ती मान्य. जानेवारी ते मार्चचा मध्य असे म्हणू.

खानापूरकर (खानापूर)

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, आभारी आहे. खलाशी काका, समुद्राच्या स्थितीचा एक अंदाज उघडून पाहिला. त्यात ‘वारा 7 नॉट, एकूण लाट 1.6 मीटर, वाऱ्याची लाट 0.5 मीटर, स्वेल 1.5 मीटर, कालावधी 15 सेकंद, दिशा दक्षिण-नैर्ऋत्य’ असे होते. हे आकडे कसे वाचावेत? आणि अर्धा अधिक दीड म्हणजे दोन मीटर व्हायला हवेत ना?

जुना खलाशी (शहापूर, बेळगाव)

लाटांच्या उंचीची अशी सरळ बेरीज होत नाही. दोन्ही उंचींचे वर्ग करून, ते मिळवून वर्गमूळ घ्यावे लागते, म्हणून 1.6 येते. शिवाय ही ‘लाट’ म्हणजे सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून येणारी एखादी लाट जवळजवळ दुप्पट, म्हणजे येथे तीन मीटरची असू शकते.

आपण दिलेल्या आकड्यांत वारा ताशी 13 किलोमीटर, म्हणजे नगण्य. जवळजवळ सगळी लाट स्वेलची आहे, तिचा कालावधी लांब आहे आणि ती दक्षिणेकडून येत आहे. आतेभावांना लागला तो दिवस बहुधा असाच असावा. याच दीड मीटरसमोर सहा-सात सेकंद लिहिले असते तर होडी हेलकावली असती, आईंना मळमळले असते, पण लगूनच्या मुखाशी एवढा धोका नसता. त्यामुळे उंचीचा आकडा एकटा कधीच वाचू नका, त्याच्या शेजारचे सेकंद वाचा. बारा-तेराच्या पुढे सेकंद आणि दिशा दक्षिण किंवा नैर्ऋत्य दिसली की त्या दिवशीची भरतीची वेळही पाहून ठेवा आणि होडीचा बेत सैल ठेवा.

हे आकडे हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या अंदाजात बेटांसाठी वेगळे मिळतात, आणि स्वेलचा इशाराही तीच संस्था देते. चक्रीवादळासाठी हवामान विभागाची मच्छीमारांना दिलेली सूचना पाहावी. त्यात ‘लक्षद्वीप व लगतचा समुद्र’ असा उल्लेख आला तर आपले तिकीट त्याच दिवशी पुढे ढकलावे. फोनवरील सूर्याचे चित्र फक्त टोपी घ्यावी की नाही एवढे सांगते.