हाँगकाँगमध्ये ड्युटीच नाही, मग शहर चालतं कशावर?

उरणकर:
मी न्हावा शेव्याला एका सीएचएकडे (कस्टम्स एजंटकडे) कामाला आहे. दिवसभर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा अर्ज), एचएस कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक) आणि ड्युटीचं चलन. ड्युटी भरल्याशिवाय माल सुटत नाही, तोवर डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचा आकार) चढत राहतं. परवा हाँगकाँगच्या एका पार्टीचे कागद बघताना डोक्यात आलं, तिथे आयातीवर करच नाही तर शहराचं भागतं कसं? वित्त, व्यापार-लॉजिस्टिक्स, पर्यटन आणि व्यावसायिक सेवा असे चार आधारस्तंभ सांगतात. यातला खरा भार कोण उचलतं? तिथलं कुणी आहे का इथे?

क्वाईचुंगवाला:
मी इथे फ्रेट फॉरवर्डरकडे डॉक्युमेंटेशन बघतो. मद्य, तंबाखू, हायड्रोकार्बन तेल आणि मिथाइल अल्कोहोल या चारच गोष्टींवर अबकारी आहे. बाकी सगळं मोकळं. आयातीचं डिक्लरेशन माल आल्यावर 14 दिवसांत भरलं तरी चालतं आणि त्याची फी 200 हाँगकाँग डॉलरच्या वर जात नाही. 1841 पासून हे खुलं बंदर आहे आणि आताच्या मूलभूत कायद्याच्या (हाँगकाँगच्या घटनेसारखा कायदा) 114व्या कलमातही ते लिहून ठेवलंय.

पण बंदर म्हणाल तर उतरणीला लागलंय. 1992 ते 2004 या काळात बहुतेक वर्षं कंटेनरमध्ये जगात पहिलं आम्हीच. 2011 मध्ये 2.4 कोटी टीईयूच्या (वीस फुटी कंटेनर हे माप) वर हाताळले, 2024 मध्ये 1.4 कोटीसुद्धा नाहीत. कारखाने सीमेपलीकडे चीनमध्ये, तिथलंच यांतियान बंदर त्यांच्या दाराशी. ट्रकचं भाडं भरून इथल्या क्वाई चुंग बंदरात कोण येईल?

व्यापार मात्र गेला नाही, आणि हे मी रोज बघतो. डोंगुआनच्या कारखान्यातला माल यांतियानहून थेट तुमच्याकडे निघतो. पहिल्या बी/एलवर (बिल ऑफ लेडिंग, जहाजाने दिलेली मालाची पावती) शिपर म्हणजे माल पाठवणारा म्हणून कारखाना. इथला व्यापारी त्या तिन्ही ओरिजिनल प्रती परत करतो, मग जहाज कंपनीचा एजंट दुसरा संच काढतो आणि त्यावर शिपर असतो हाँगकाँगचा व्यापारी. एलसीचे (बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीचे) कागद इथल्या सेंट्रल भागातल्या बँकेत जातात. डबा हाँगकाँगला शिवतही नाही, मधला नफा मात्र इथेच राहतो. म्हणून माझ्या मते खरा भार बँका, कायदा आणि कागदावरच्या विश्वासाचा. एचएसबीसी 1865 मध्ये निघाली तीच मुळी चीनच्या किनाऱ्यावरच्या व्यापाराला पैसा पुरवायला. बंदराने बँक उभी केली, आता बँक व्यापाराला धरून आहे.

शातिनकरीण:
दादा, सगळं पटलं, पण सरकारच्या तिजोरीचं राहिलं. नफ्यावर कर 16.5 टक्के, पहिल्या 20 लाख हाँगकाँग डॉलरवर निम्मा. जीएसटी नाही, 2006 मध्ये प्रस्ताव आला होता, लोकांनी हाणून पाडला. मग उरलं काय? जमीन! जवळपास सगळी जमीन सरकारची, भाडेपट्ट्याने देतात आणि त्याचा प्रीमियम घेतात. 2017-18 मध्ये त्यातून सुमारे 165 अब्ज हाँगकाँग डॉलर आले. 2023-24 मध्ये 20 अब्जसुद्धा नाहीत, त्या वर्षी तूट आली. चार खांबांच्या यादीत हा खांब नाही, पण इथे घर शोधणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून तो उभा राहतो. एकाच फ्लॅटचे तुकडे पाडलेल्या खोल्यांत माणसं राहतात, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास शेजारी-शेजारी. आयात करमुक्त आहे म्हणून जगणं स्वस्त आहे असं कृपा करून समजू नका.

हिरेबाजार:
मी चिमसाचुईत हिऱ्यांच्या व्यवसायात आहे. आमच्यासाठी ड्युटी नसण्याइतकंच हाँगकाँग डॉलरचं महत्त्व. 1983 पासून अमेरिकी डॉलरशी 7.80 ला बांधलेला. आज सौदा केला, तीन महिन्यांनी पैसे आले, तरी डॉलरच्या भावाच्या फरकात नफा जात नाही. माल विकला गेला नाही तर परत न्यायलाही ड्युटीचं झंझट नाही, म्हणून प्रदर्शनाला पाकिटं भरून माल आणायची हिंमत होते. पर्यटनाचा जीडीपीतला वाटा चारांत सगळ्यात छोटा, पण हॉटेल-दुकानांतल्या कितीतरी लोकांची चूल त्यावर पेटते. वित्तक्षेत्राचं उलट, माणसं थोडी आणि पैसा प्रचंड.

उरणकर:
फारच उपयोगी. क्वाईचुंगवाले, एक शंका. बी/एल बदललं की आमच्याकडे ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशाचा, काय धरायचं?

क्वाईचुंगवाला:
चीनच. बी/एलवर शिपर बदलतो, माल कुठे बनला ते बदलत नाही. अँटी-डम्पिंग ड्युटी (फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचा जादा कर) लागत असेल तर ती ओरिजिनवरच लागणार. पार्टीने 'हाँगकाँगचा माल' म्हणून सांगितलं तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आधीच मागून घ्या.