मदत हवी आहे: एम्युलेटरवर गेमचं गाणं घाईत वाजतंय. कान चुकतायत की सेटिंग?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा विचित्र आहे, म्हणून आधीच सांगतो की गेम चालतोय. एरर नाही, आवाज फाटत नाही, चित्रही स्वच्छ दिसतंय. पण काहीतरी बिनसलंय, आणि ते दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर रेट्रोआर्क (जुन्या गेमयंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर) बसवलंय आणि एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या गेमसाठी त्यात एफसीईयूएमएम हा कोअर (एखाद्या यंत्राची नक्कल करणारा भाग) उतरवलाय. रॉम (गेमची फाइल) माझ्याच जुन्या कॅसेटवरून काढून घेतलेली आहे, त्यामुळे 'रॉम कुठून आणली' हा अध्याय वगळू या. सुपर मारिओ ब्रदर्स लावला, पहिल्या लेव्हलचं गाणं सुरू झालं आणि मी थबकलोच. लय चढी! सूर तेच, पट्टीही तीच, पण मध्यलयीत ऐकलेली चीज कुणी द्रुत लयीत गायला घ्यावी तसं. मारिओही माझ्या आठवणीपेक्षा भरभर पळतो, पहिल्याच खड्ड्यात चार वेळा गेलो.

आतापर्यंत करून पाहिलेलं: व्हीसिंक (चित्र मॉनिटरच्या गतीशी जुळवणारं सेटिंग) चालू-बंद केलं. ऑडिओ लेटन्सी (आवाजाचा उशीर) ६४ मिलिसेकंदांवरून १२८ केली. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) पडद्यावर दाखवायला लावला तर ६०.१ च्या आसपास दिसतो, म्हणजे त्याच्या मते सगळं आलबेल. कोअर बदलून नेस्टोपिया लावला, तेच. ऑफिसच्या लॅपटॉपवर लावून पाहिलं (हे कुणाला सांगू नका), तिथंही तेच. शेवटी यूट्यूबवर या गेमचे व्हिडिओ ऐकले, तर तेही घाईतच! म्हणजे सगळं जग पळतंय आणि मी एकटाच मागे.

लहानपणी हा गेम इतका खेळलोय की ते गाणं झोपेतही गुणगुणू शकेन. तेव्हाचं यंत्र अर्थातच अस्सल निन्टेन्डोचं नव्हतं, बाजारात मिळायची तसली नक्कल होती.

जोडीला दोन बारीक तक्रारी: (अ) कीबोर्डवर धावता धावता उडी मारायला गेलं की कधी कधी उडीच लागत नाही. (आ) प्लेस्टेशनचा एक दोन डिस्कचा गेम बीटल पीएसएक्स या कोअरवर उघडला की काळा पडदा येतो आणि पुन्हा मेनू.

पण मुख्य दुखणं गाण्याचंच आहे.

प्रतिसाद १

आठवणीतली प्रत्येक गोष्ट संथ असते हो. शाळेचं मैदानसुद्धा आता जाऊन पाहिलं तर केवढंसं वाटतं. सेटिंग बरोबर आहे, ६०.१ हाच एनईएसचा खरा आकडा. दोन दिवस खेळा, कान रुळतील.

धागाकर्ता

मैदान लहान वाटतं हे मान्य. पण लय ही मोजायची गोष्ट आहे. मला तो ठेका हातानं धरता येतो, आणि धरला की एम्युलेटर माझ्या पुढे पळून जातो. हे नुसतं आठवणींचं प्रकरण नाही.

प्रतिसाद २

मेनूत स्लो मोशनचा वेग बदलता येतो. मुळात तो ३ असतो, १.२ करा आणि स्लो मोशन चालू ठेवूनच खेळा. जुगाड आहे, पण चालेल.

धागाकर्ता

केलं. गंमत म्हणजे वेग अगदी आठवणीतल्यासारखा झाला! पण आवाज असा झाला की टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेत. सगळे सूर खाली घसरले. मला लय उतरवायची आहे, सूर नाही. १.२ हा आकडा मात्र डोक्यात अडकून बसलाय.

प्रतिसाद ३

तो अडकलाय ते बरंच झालं, कारण उत्तर त्यातच आहे. ६० भागिले १.२ किती? ५०. तुम्ही ज्या टीव्हीवर खेळायचात तो पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचा होता ना? मग तुमचे कान शाबूत आहेत.

त्या काळचे गेम घड्याळ बघत नसत, फ्रेम मोजत. एक फ्रेम झाली की मारिओ एवढा सरकवायचा, गाणं एवढं पुढे न्यायचं, असा सगळा हिशेब. एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही पद्धतीच्या यंत्रात सेकंदाला ६०.१ फ्रेम, पालमध्ये ५०. गेम ६० धरून लिहिलेला आणि यंत्र ५० चं, की सगळा कारभार सहाव्या हिश्शानं मंदावतो. तुम्ही लहानपणी हा मंदावलेला गेम खेळलात, आणि तुमच्या लेखी तोच मूळ.

आता तुम्ही म्हणाल, मग सूर का नाही उतरले? कारण सुराची उंची फ्रेमवर ठरत नाही, प्रोसेसरच्या ठोक्यावर ठरते. एनटीएससी यंत्राचा ठोका १.७९ मेगाहर्ट्झ. निन्टेन्डोनं स्वतः काढलेल्या पाल यंत्राचा १.६६, म्हणजे सुमारे सात टक्के कमी. तिथं लयही उतरते आणि पट्टीही, अर्ध्या सुराहून थोडी जास्तच. पण पाल देशांत खपलेल्या बऱ्याच नकली यंत्रांत वेगळ्या चिप असत, त्यांचा ठोका १.७७. एनटीएससीशी फरक एका टक्क्याहूनही कमी, तो भल्याभल्यांना कळणार नाही. म्हणून लय संथ, सूर जागच्या जागी. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये 'पट्टीही तीच' असं लिहिलंत, तिथंच मला शंका आली होती.

एम्युलेटरवाले या तिसऱ्या प्रकाराला डेन्डी म्हणतात. १९९२ पासून रशियात विकल्या गेलेल्या अशाच एका नकली यंत्राचं ते नाव. कोअर ऑप्शन्समध्ये 'रीजन' शोधा. तिथं ऑटो, एनटीएससी, पाल आणि डेन्डी असे चार पर्याय दिसतील. डेन्डी लावा, गेम बंद करून पुन्हा उघडा. ऑटोवर विसंबू नका. रॉमच्या जुन्या पद्धतीच्या हेडरमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत) ही नोंद बहुतेक वेळा भरलेलीच नसते, आणि नोंद नसली की कोअर सरळ एनटीएससी धरतो.

आणि खातरजमा कानावर सोडू नका, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. पहिल्या लेव्हलच्या सुरुवातीला काहीही न दाबता नुसतं उभं राहायचं. वेळेचा आकडा ४०० वरून उतरत १०० ला आला की गाणं एकदम धावायला लागतं. त्या आकड्यातला एक घर उतरायला २४ फ्रेम लागतात, म्हणजे ३०० घरांना ७,२०० फ्रेम. एनटीएससीवर याला जेमतेम दोन मिनिटं, डेन्डीवर दोन मिनिटं चोवीस सेकंद.

धागाकर्ता

काय सांगू!

आधी मुद्दाम 'पाल' लावून पाहिलं. लय बरोबर, पण गाणं खालच्या पट्टीत गेलं, सर्दी झालेल्या माणसानं म्हणावं तसं. मग डेन्डी. पहिल्या चार सुरांतच कळलं. हेच ते. स्टॉपवॉचनं दोनदा मोजलं, दोन्ही वेळा दोन मिनिटं चोवीसच्या आगेमागे. फ्रेमरेटचा आकडाही आता ५० दाखवतो. धाकट्या भावाला फोनवर ऐकवलं, काही न सांगता. तो म्हणाला, "आपला मारिओ!"

आणि तो पहिला खड्डा एका उडीत पार.

आता नवं दुखणं. पडदा सरकतो तेव्हा अधूनमधून हिसका बसतो. मारिओ सरळ पळत असला की जास्तच जाणवतो. एनटीएससीवर हे नव्हतं. डेन्डीमुळे गेममध्येच काही बिघडतंय का?

प्रतिसाद ३

नाही, गेम ठणठणीत आहे. उलट डेन्डीची खुबी तीच. पालमध्ये चित्राच्या ओळी २६२ ऐवजी ३१२ होतात. या ५० जादा ओळींचा वेळ डेन्डी यंत्र चित्र संपल्यावर नुसतं बसून काढतं आणि मग गेमला एनटीएससीइतकीच उसंत देतं. त्यामुळे ६० साठी लिहिलेले गेम त्यावर बिनबोभाट चालतात. अस्सल पालवर काही गेमचं चित्र विस्कटतं ते यापायीच.

हिसका मॉनिटरचा आहे. तो सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, तुमच्याकडे फ्रेम ५०. मग दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते, आणि तो अडखळा डोळ्याला टोचतो. कॉम्प्युटर एचडीएमआयनं टीव्हीला जोडता येत असेल तर उत्तम, बरेच टीव्ही ५० हर्ट्झ घेतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० करा, रेट्रोआर्क पूर्ण पडद्यावर चालवा आणि व्हिडिओ सेटिंगमधला रिफ्रेश रेटही तोच आहे ना ते बघा. मॉनिटर बदलत्या रिफ्रेश रेटचा असेल तर याची गरज नाही, 'सिंक टू एक्झॅक्ट कंटेंट फ्रेमरेट' चालू केलं की झालं.

दुसरं म्हणजे डेन्डी सगळ्या गेमना लावून ठेवू नका. कोअर ऑप्शन्सच्या आतच 'मॅनेज कोअर ऑप्शन्स' आहे, तिथं 'सेव्ह गेम ऑप्शन्स' केलं की ही निवड तेवढ्याच गेमपुरती राहते. जे गेम तुम्ही लहानपणी खेळलाच नाहीत ते ६० वरच खेळा, ते तसेच लिहिलेले आहेत. निदान माझं मत तरी असं.

प्रतिसाद १

मी शब्द मागे घेतो. आताच माझ्याकडेही डेन्डी लावून बघितलं. मी इतकी वर्षं ६० वरच खेळत आलोय, मला हे फारच रेंगाळलेलं वाटतं. पण स्टॉपवॉचपुढे काय बोलणार.

प्रतिसाद ४

तुमच्या (अ) आणि (आ) कडे कुणी बघेना, म्हणून मी.

कीबोर्डचं सोपं आहे. साध्या कीबोर्डवर काही तीन-तीन बटणं एकत्र दाबली की तिसरं पोचतच नाही, त्याच्या आतल्या तारांची मांडणीच तशी असते. रेट्रोआर्कमध्ये मुळात एक्स म्हणजे ए आणि झेड म्हणजे बी. बाणासोबत ही दोन्ही दाबली की तुमचा कीबोर्ड अडत असणार. दुसरी बटणं नेमून बघा, नाहीतर यूएसबी गेमपॅड घ्या. पॅड घेतलात तर एक लक्षात ठेवा: निन्टेन्डोच्या मांडणीत ए उजवीकडे असतो, एक्सबॉक्सच्या पॅडवर तो खाली. छापलेली अक्षरं बघू नका, जागा बघा.

प्लेस्टेशनचं जरा सविस्तर. बीटलला बायोसची (यंत्राच्या मूळ प्रोग्रामची) फाइल लागतेच. आपल्या यंत्रातून काढलेली फाइल 'सिस्टम' फोल्डरमध्ये हवी आणि तिचं नाव ठरलेलंच हवं: जपानी गेमसाठी एससीपीएच५५००, अमेरिकी ५५०१, युरोपी ५५०२. इंग्रजी अक्षरं लहान लिपीतली, पुढे डॉट बिन. आकार बरोबर ५१२ केबी. कोअर लोड करून 'कोअर इन्फर्मेशन' उघडा, तिथं कुठली फाइल सापडली आणि कुठली नाही ते लिहिलेलं असतं. बायोस सापडतोय आणि तरी काळा पडदा येतोय, तर मला सांगा: गेमच्या फाइलींची नावं बदललीत का?

धागाकर्ता

बायोस सापडतोय. नावं... हो. सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून बिन (डिस्कवरचा डेटा) आणि क्यू (त्याची मांडणी सांगणारी) दोन्ही फाइलींची नावं छान सुटसुटीत केली होती.

प्रतिसाद ४

मग तिथंच माशी शिंकली. क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती नुसती मजकुराची फाइल असते आणि तिच्या पहिल्या ओळीत बिनचं जुनं नाव अवतरणचिन्हांत लिहिलेलं असेल. तुम्ही दाराची पाटी बदललीत, पण पत्त्याच्या वहीत जुनंच नाव. ते बदला, अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आणि उघडताना क्यूच उघडा, बिन नाही.

दोन डिस्क आहेत म्हणता, तर एम३यू नावाची आणखी एक मजकुराची फाइल करा. तिच्यात दोन ओळी, दोन्ही क्यू फाइलींची नावं, बस्स. गेम त्या फाइलवरून उघडलात की दोन्ही डिस्कना एकच मेमरी कार्ड मिळतं आणि मधे डिस्क बदलायची वेळ आली की ती मेनूतूनच बदलता येते. नाहीतर दुसऱ्या डिस्कवर गेल्यावर 'माझा सेव्ह कुठंय' असा नवा धागा काढाल.

सेव्हवरून आठवलं. एनईएस असो की प्लेस्टेशन, नुसत्या सेव्ह स्टेटवर (एम्युलेटरनं जसाच्या तसा टिपलेल्या क्षणावर) भिस्त ठेवू नका. कोअरची नवी आवृत्ती आली की जुनी स्टेट उघडेलच असं नाही. गेममध्ये स्वतःची सेव्हची सोय असेल तर ती वापरत जा. आणि ती फाइलसुद्धा बहुतेकदा गेम नीट बंद केल्यावरच डिस्कवर उतरते, त्यामुळे सेटिंगमध्ये 'सेव्हरॅम ऑटोसेव्ह'चा अवधी ठरवून द्या. मी तो दिला नव्हता. वीज गेली आणि एका रविवारचे सहा तास गेले.

धागाकर्ता

क्यूमधलं नाव दुरुस्त केलं, गेम पहिल्या फटक्यात उघडला. उडीचं बटण एक्सवरून काढून दुसरीकडे नेलंय, आता अडत नाही. कॉम्प्युटर टीव्हीला जोडून ५० हर्ट्झ केला, हिसका गेला. टीव्हीचा गेम मोड बंद होता, तोही चालू केला, मग बटण दाबल्यापासून उडीपर्यंतचा उशीरही कमी झाला.

शीर्षकात 'सुटलं' असं कसं जोडायचं ते कुणीतरी सांगा, मला संपादनाचं बटण दिसत नाहीये. एम३यू फाइल आज रात्री करतो. दुसऱ्या डिस्कवर अडकलो तर इथंच विचारीन.