खुनाचा आरोप, स्किझोफ्रेनियाचा जुना आजार : पहिल्या महिन्यात बचावाच्या वकिलाने काय करावं?

सनद_नवी

समजा, आरोपी चौतीस वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनियाचं निदान सात वर्षांपूर्वीचं. उपचार आधी सिव्हिलच्या ओपीडीत, नंतर खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे, मधेमधे गोळ्या बंद. सख्ख्या भावाच्या खुनाचा आरोप, घटना २०२५ मधली. विधी सहाय्याच्या वकिलाकडे फाइल येते तेव्हा तो न्यायालयीन कोठडीत आहे, स्वतःशीच पुटपुटतो, प्रश्न विचारला की भिंतीकडे बघतो. घरच्यांचं म्हणणं एकच : "तो वेडा आहे हे कोर्टाला सांगा, म्हणजे सोडतील."

भारतीय न्याय संहितेचं कलम २२ म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम ८४, एवढं ठाऊक आहे. पण सुरुवात कुठून करायची? अर्ज कोणता, कोणत्या कागदासाठी आधी धावायचं, आणि "सोडतील" हे घरच्यांचं गृहीतक कितपत खरं?

उलटतपास

ताई, पहिलं काम म्हणजे दोन प्रश्न वेगळे करणं. कलम २२ विचारतं की घटनेच्या क्षणी आरोपीच्या मनाची अवस्था काय होती : आपण काय करतोय हे, किंवा ते गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, मनोविकलतेमुळे त्याला कळत नव्हतं का? नागरिक सुरक्षा संहितेची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) कलमं ३६७ आणि ३६८ विचारतात की आज, खटला चालताना, तो स्वतःचा बचाव करू शकतो का. पहिला प्रश्न त्या दिवसाचा, दुसरा आजचा. दोघांचा पुरावाही वेगळा.

हे दोन्ही एकाच अर्जात कोंबले की घोळ होतो. कोर्ट तपासणीला पाठवतं, तीन आठवड्यांच्या औषधांनंतर "खटल्यास सक्षम" असा दाखला येतो, आणि सरकारी पक्ष तोच दाखला पुढे कलम २२ च्या विरोधात वाचून दाखवतो. त्या दाखल्याचा घटनेच्या दिवसाशी काहीही संबंध नाही, हे मग वर्षभर सांगत बसावं लागतं.

म्हणून आधी फक्त आजच्या अक्षमतेचा अर्ज द्या. सत्र न्यायालयात असाल तर ३६८ खाली. तपासणी मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून मागा. एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याने पाच मिनिटांत दिलेल्या शेऱ्यावर थांबू नका. निष्कर्ष पटला नाही तर वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते. त्या मंडळात जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचे प्रमुख आणि वैद्यकीय महाविद्यालयातले मानसोपचाराचे एक अध्यापक असतात.

आणि एक तरतूद बहुतेकांच्या हातून निसटते. आरोपी अक्षम ठरला तरी खटला आपोआप तहकूब होत नाही. कोर्टाने आरोपीला काही न विचारता आधी कागदपत्रं बघायची, वकिलाचं ऐकायचं, आणि प्रथमदर्शनी पुरावाच नसेल तर त्याला दोषमुक्त करायचं. हा युक्तिवाद करायचा राहिला तर दुबळ्या पुराव्याच्या खटल्यातही माणूस वर्षानुवर्षं अडकतो.

डॉ. निशिगंधा

कागदांचं मी सांगते, कारण कलम २२ चा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. सात वर्षांपूर्वीचं निदान म्हणजे सुरुवातीचे कागद नष्ट झालेले असू शकतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी मागणी द्या, पोच घ्या, आणि सोबत कोर्टाकडून नोंदी मागवण्याचा अर्ज करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २५ रुग्णाला स्वतःच्या मूलभूत नोंदींचा हक्क देतं, ते अर्जात उद्धृत करा.

सिव्हिलमध्ये नुसता केसपेपर मागू नका. ओपीडी रजिस्टर, औषधवाटपाची नोंद, दाखल झाला असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि नर्सिंग नोट्स मागा. नर्सिंग नोट्स फार बोलक्या असतात. "रुग्ण रात्री झोपला नाही, जेवणात विष आहे म्हणून ताट सारलं" अशी घटनेच्या तीन आठवडे आधीच्या तारखेची एक ओळ नंतर लिहिलेल्या पाच पानी अहवालापेक्षा जड भरते. घरी पडलेली चिठ्ठी, मेडिकल दुकानाचं बिल, अर्धवट वापरलेली गोळ्यांची स्ट्रिप हे सगळं जपा. स्ट्रिपवरची बॅच आणि बिलाची तारीख जुळवली तर औषध साधारण कधी सुटलं याचा अंदाज बांधता येतो. डेपो इंजेक्शन, म्हणजे दीर्घकाळ परिणाम टिकणारं इंजेक्शन, चालू असेल (ते साधारण दोन ते चार आठवड्यांनी द्यावं लागतं), तर चुकलेल्या इंजेक्शनची तारीख रजिस्टरमध्ये थेट दिसते.

उपचार करणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवाच. उलटतपासणीत पहिला प्रश्न ठरलेला : "घटनेच्या दिवशी तुम्ही आरोपीला तपासलं होतं का?" उत्तर "नाही" येणार. म्हणून सरतपासणीतच (आपल्या साक्षीदाराला आपणच आधी प्रश्न विचारतो तेव्हा) विचारून घ्या की औषध बंद झाल्यावर या रुग्णाचा आजार पूर्वी किती दिवसांत उलटला, तेव्हा कोणती लक्षणं आली, आणि तेव्हा त्याला वास्तवाचं भान कितपत होतं. निदानाचं नाव कोर्टाला पुरत नाही. वैद्यकीय वेड आणि कायद्याचं वेड वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. नुसता भ्रम किंवा विक्षिप्त वागणंही पुरत नाही.

सनद_नवी

खूप उपयोगी. मग अटकेनंतरच्या तपासण्यांचे कागद निरुपयोगी समजायचे का? आणि सिद्ध करण्याचा भार कितपत?

उलटतपास

निरुपयोगी अजिबात नाहीत, एकटे मात्र अपुरे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोलिस शिपायाला पत्नीच्या खुनातून निर्दोष सोडलं. तिथे वडिलांचा मानसिक आजार होता, घटनेआधीचे उपचार होते, अटकेनंतर काही महिन्यांत पंचवीस वेळा रुग्णालयात नेल्याची नोंद होती, हेतू कमकुवत होता, आणि कृत्य दिवसाढवळ्या करून तो पळाला नव्हता. आधीचं, घटनेच्या वेळचं आणि नंतरचं मिळून अखंड चित्र उभं राहिलं.

त्यामुळे पंचनामे बारकाईने वाचा. आरोपी कुठे सापडला? हत्यार लपवलं होतं का, कपडे धुतले होते का? प्रेताशेजारी बसून राहिलेला माणूस आणि विळा विहिरीत टाकून गाव सोडलेला माणूस कोर्टाला सारखे दिसत नाहीत. अटकेनंतर लगेच झालेल्या वैद्यकीय तपासणीची (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३) प्रत मागा आणि पोलिस ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या. तपासात आजाराचा इतिहास समोर आला तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं हे तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. त्याने ते केलं नसेल तर उलटतपासणीत ठामपणे विचारा.

भार आरोपीवरच आहे, साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८. पण १९६४ च्या निकालापासून हे स्थिर आहे की तो सरकारी पक्षाइतका कडक नाही. दिवाणी दाव्यासारखी संभाव्यता पुरते. आणि तेवढंही सिद्ध झालं नाही, तरी त्या पुराव्यामुळे गुन्ह्याच्या उद्देशाबद्दल वाजवी शंका उरली तर फायदा आरोपीलाच.

दोन चुका टाळा. "तो तिथे नव्हताच" आणि "तो वेडाच्या भरात होता" हे दोन्ही बचाव एकत्र घेतले की दोन्ही पडतात. आणि हा मुद्दा आरोपीच्या जबाबाच्या टप्प्यावर (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५१) पहिल्यांदा उगवू देऊ नका. पहिल्या साक्षीदारापासून, विशेषतः शेजाऱ्यांच्या उलटतपासणीत, तो दिसला पाहिजे. घटनेच्या आदल्या रात्री दारू किंवा गांजा असेल तर सरकारी पक्ष न्याय संहितेच्या कलम २३ आणि २४ कडे (नशेबद्दलची कलमं) वळणार. स्वतःहून केलेली नशा बचाव होत नाही, तेव्हा मूळ आजार वेगळा दाखवण्याची तयारी ठेवा.

कोठडी_ते_वॉर्ड

घरच्यांना "सोडतील" या शब्दाचा खरा अर्थ आजच सांगा. कलम २२ खाली निर्दोष ठरवतानाही कोर्टाला कृत्य त्यानेच केलं की नाही हे स्पष्ट नोंदवावं लागतं (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७३). केलं असेल तर कलम ३७४ लागतं : एक तर सुरक्षित ताब्यात ठेवायचं, नाहीतर जामीनदारीवर नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या हवाली करायचं. रुग्णालयात ठेवायचं तर २०१७ च्या कायद्यानुसारच. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी.

ताब्यातल्या माणसाचा विसर पडणं हा सगळ्यात मोठा धोका. आसाममध्ये १९५१ साली अटक झालेला एक माणूस खटल्याविना ५४ वर्षं अडकून २००५ मध्ये सुटला. म्हणून डायरीत तारखा लिहा, डॉक्टरांचा अहवाल ठरावीक काळाने कोर्टासमोर येतोय का ते बघा, नसेल तर अर्ज द्या. मनोविकल कच्च्या कैद्याला जामीनपात्र नसलेल्या गुन्ह्यातही कलम ३६९ खाली सोडता येतं. अट अशी की भरती होऊन उपचाराची गरज नसावी, आणि नातेवाइकाने नियमित ओपीडीची व इजा होऊ न देण्याची हमी द्यावी.

कोठडीत औषध तुटू देऊ नका. चिठ्ठीची प्रत कारागृह अधीक्षकांना लेखी द्या आणि अर्जात डोस, वेळ, शेवटचं इंजेक्शन लिहा. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दर तिमाहीत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला अहवाल पाठवावा लागतो (२०१७ च्या कायद्याचं कलम १०३), तेव्हा मंडळाकडेही तक्रार करता येते.

दोषी ठरलाच, तरी काम संपत नाही. इंग्लंडसारखी "कमी जबाबदारी" (आजारामुळे खुनाचा गुन्हा सौम्य ठरवणारी) अशी वेगळी तरतूद आपल्याकडे नाही, त्यामुळे आजार शिक्षेच्या सुनावणीत मांडावा लागतो. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर बळावलेला गंभीर मानसिक आजार हे फाशी कमी करण्याचं कारण मानलं.

हवाली घेणारा नातेवाईक आताच ठरवा. या खटल्यात मयतही घरचाच आहे, त्यामुळे आई-वडील तयार असले तरी वहिनी आणि मुलं त्याच घरात राहतात का, हे कोर्ट विचारेल. वेगळी खोली, औषध देणारी जबाबदार व्यक्ती आणि सर्वात जवळची मानसोपचार ओपीडी यांची माहिती शपथपत्रात द्या.