साठीनंतरचा थकवा आणि टेस्टोस्टेरॉन: जेल लावावे का?

प्रश्न (कलमबाग, देवगड)

माझे वय 61 आहे. हापूसच्या बागेत मोहोराच्या दिवसांत फवारणीवर दिवसभर उभा राहणारा मी आता अकरा वाजताच माचीवर येऊन बसतो. बरीच वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत आहे. एका ओळखीच्या गृहस्थांच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची तपासणी केली. दुपारी चार वाजता दिलेल्या रक्तात ते 290 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. तेच गृहस्थ आता टेस्टोस्टेरॉनचे जेल लावण्याचा सल्ला देत आहेत. तो मानावा का?

उत्तर (निवृत्त वैद्यक, रत्नागिरी)

आपण ज्या आकड्यावर निर्णय घेऊ पाहत आहात, तो चुकीच्या वेळी घेतलेला आहे. हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते व दिवस चढेल तसे उतरते; वयानुसार हा चढउतार कमी होत असला तरी नाहीसा होत नाही. म्हणून दोन निरनिराळ्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी तपासणी करून दोन्ही वेळा पातळी कमी आली, तरच पुढचा विचार करतात. अनेक डॉक्टर 300 ही खालची मर्यादा मानतात, पण वय वाढताना हे संप्रेरक बांधून ठेवणारे प्रथिनही रक्तात वाढत असल्यामुळे सीमेवरच्या आकड्याबरोबर मुक्त (प्रथिनाला न बांधलेले) टेस्टोस्टेरॉनही पाहावे लागते.

शिवाय नुसता थकवा हे या कमतरतेचे फारच दुबळे लक्षण आहे. कामेच्छा मंदावणे आणि पहाटेची ताठरता जाणे ही त्याहून भरवशाची लक्षणे. ती आपण लिहिलेली नाहीत. (ती विचारताना रोगी आणि डॉक्टर दोघेही अवघडतात, आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो.) अमेरिकेत 65 वर्षांवरील 790 पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचे किंवा औषधविरहित जेल देऊन झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत लैंगिक तक्रारींवर उपयोग दिसला, पण उत्साह आणि थकव्याच्या मोजमापात ठळक फरक पडला नाही.

मी आपल्या जागी असतो तर आधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), तीन महिन्यांची सरासरी साखर आणि बी-12 पाहिले असते. मेटफॉर्मिनमुळे बी-12 नीट शोषले जात नाही, त्यामुळे रोज ताटात बांगडा असणाऱ्यालाही त्याची उणीव होऊ शकते.

उत्तर (रक्तपेढीजवळचा तंत्रज्ञ, चिपळूण)

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर तपासणीपूर्वी डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवाव्यात. काही यंत्रांवर त्यांच्यामुळे टीएसएच खोटेच कमी आणि टेस्टोस्टेरॉन खोटेच जास्त दिसते. आमच्याकडे रात्रभर मासेमारी करून थेट बंदरावरून येणारे खलाशी असतात. त्यांची सकाळ म्हणजे घड्याळातली सकाळ नव्हे. त्यांनी झोप काढून उठल्यावर दोन-तीन तासांत रक्त द्यावे.

उत्तर (होडीवाला, मालवण)

आपण घोरता का, हे घरच्यांना विचारावे. झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला दिवसा ग्लानी येते, आणि पोटाचा घेर मोठा असेल तर टेस्टोस्टेरॉनही उतरते. वजन कमी केल्यावर ते काहीसे आपोआप वर येते, असे मला डॉक्टरांनी सांगितले होते.

प्रश्नकर्ता

घोरण्याविषयी घरी एकमताने होकार आला. तरीही सकाळच्या दोन्ही तपासण्यांत पातळी कमीच आली, तर जेल सुरक्षित आहे का?

निवृत्त वैद्यक

तेव्हा आधी एलएच आणि प्रोलॅक्टिन ही पीयूषिकेची संप्रेरके तपासून दोष वृषणात आहे की मेंदूतील पीयूषिका ग्रंथीत, हे ठरवावे लागेल. या जेलच्या 2023 च्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यांचे आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, पण हृदयाची लय बिघडणे आणि फुप्फुसात गुठळी जाणे जास्त दिसले. उपचारात रक्त दाट होते, म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) 54 टक्क्यांवर गेले तर औषध थांबवतात; पीएसएही (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) सुरुवातीपासून पाहावे लागते. श्वास अडण्याचा त्रास तीव्र असेल, तर त्यावरचा उपचार आधी, जेलचा विचार नंतर.