प्राग एका दिवसात पायी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मे महिन्यात मी आणि हे प्रागमध्ये एकच दिवस आहोत, तोही पायी फिरायचाय. यांच्या गुडघ्याला चढ अजिबात सोसत नाही, उतार हळूहळू जमतो. म्हणून २२ नंबरच्या ट्रामने आधी किल्ल्यावर जायचं, सेंट व्हायटस कॅथेड्रल बघायचं आणि मग खाली चार्ल्स पुलावर यायचं. १३५७ साली बांधायला घेतलेला पूल, त्यावरचे ३० पुतळे. मला तिथे निवांत रेंगाळायचंय! शेवटी १४१० सालचं खगोलीय घड्याळ.

किल्ल्यावरून उतरायला जुन्या पायऱ्या बऱ्या की नेरुदोवा रस्ता? तिथली दगडी फरसबंदी उंचसखल आहे म्हणे. गुडघेदुखी असलेलं कोणी चाललंय का? बूट कोणते घातलेत, तेही सांगा.